आमच्या वर्गातले सोळा आठवडे

काही वर्षांपूर्वी मी बीएडच्या एका विद्यार्थिनीच्या वहीत सात पाठांखाली सह्या केल्या. तिनं वर्गात घेतले होते चारच. उरलेले तीन घटक चाचणीत आणि सुट्ट्यांत राहून गेले होते. तिची प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली होती. स्टाफरूमच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "मॅडम, एवढं करा ना. बाकी सगळ्यांच्या झाल्या." मी पेन काढलं. ती खूश होऊन गेली. संध्याकाळी पोळ्या लाटताना मनात आलं, ही मुलगी उद्या कुठल्या तरी शाळेत सातवीसमोर उभी राहील, आणि ते तीन पाठ तिनं आयुष्यात कधीच घेतलेले नसतील. ते माझ्या सहीनं झालेले असतील.

ही गोष्ट मी बरेच दिवस कुणाला सांगितली नव्हती. आता सांगते, कारण पुढे जे घडलं त्याची सुरुवात तिथूनच झाली.

मी पूर्व नागपुरातल्या महापालिकेच्या एका मराठी शाळेत २२ वर्षं शिकवते आहे. सहावी ते आठवीला गणित, आणि गरज पडेल तसं मराठी. आमच्याकडची मुलं कळमन्याच्या बाजारात हमाली करणाऱ्यांची, फळांची हातगाडी लावणाऱ्यांची, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायांची. काहींच्या घरी छत्तीसगढी बोलतात, काहींच्या घरी हिंदी, आणि बहुतेकांच्या घरी आपली नागपुरी मराठी. पुस्तकातली मराठी त्यांना शाळेतच भेटते.

बीएडची मुलं आमच्या शाळेत दरवर्षी यायची. पद्धत ठरलेली. जुलैत महाविद्यालयाचं पत्र यायचं, की आमच्या वीस छात्राध्यापकांना आपल्या शाळेत पाठ घेण्यास परवानगी द्यावी ही विनंती. मुख्याध्यापक त्यावर सही करायचे. मग एके दिवशी गुंडाळलेले तक्ते बगलेत मारून मुलंमुली हजर. एका वर्गात एक शिकवतोय, मागे चौघं निरीक्षणाच्या वह्या भरताहेत, बाहेर दोघं "माझा नंबर कधी" म्हणून उभे. पाठ टाचण काढलेलं असायचं मोठ्या मेहनतीनं: प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. पस्तीस मिनिटांत सगळं बसवायचं. मुलानं मध्येच प्रश्न विचारला की टाचण पुढे सरकत नाही, म्हणून प्रश्न विचारणारं मूल अडचणीचं वाटायचं. यात त्या छात्राध्यापकांचा दोष फार थोडा होता. त्यांना पाठ संपवायला पाठवलेलं असायचं.

आणि आम्ही शिक्षक? तेवढ्या वेळात आम्ही वह्या तपासायचो, माहितीचे तक्ते भरायचो. खरं सांगायचं तर तो आमचा मोकळा तास झाला होता. त्यांचे प्राध्यापक यायचे, एखादा पाठ दारातून पाहायचे आणि कार्यालयात बसून वह्यांवर सह्या करायचे. महाविद्यालयाचं नाव मी लिहीत नाही. एकाच महाविद्यालयाची ही गोष्ट नव्हे, आणि त्या सह्यांमध्ये माझीही होती.

नियम तर बदलले होते. शिक्षक-प्रशिक्षणाची पाहणी करणाऱ्या न्यायमूर्ती वर्मा आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये आला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं २०१४ मध्ये नवे नियम केले. २०१५ पासून बीएड दोन वर्षांचं झालं आणि दुसऱ्या वर्षात १६ आठवडे शाळेत काढायचे असं ठरलं. शालेय आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप, हा शब्द तेव्हापासून आमच्या कानावर पडू लागला. पण आमच्याकडे झालं काय, आधी जे तीन आठवड्यांत उरकायचं तेच १६ आठवड्यांवर पसरलं. आठवडे वाढले. त्या आठवड्यांत कोणी कोणाबरोबर बसायचं आणि काय बोलायचं, हे कुणीच सांगितलं नव्हतं.

मग एका वर्षी पत्राच्या आधी माणूस आला. विद्यापीठाशी संलग्न एका शिक्षणशास्त्र महाविद्यालयाच्या प्राध्यापिका, नव्यानंच आंतरवासितेचं काम त्यांच्याकडे आलेलं. जुलैतली भर दुपार, पाऊस नाही, नुसता उकाडा. त्या थेट माझ्या वर्गाच्या दाराशी आल्या आणि विचारलं, "तुमचा तास मागे बसून पाहिला तर चालेल?" त्या मागच्या बाकावर दोन मुलींच्या मध्ये बसल्या. तास संपल्यावर म्हणाल्या, "आमच्याकडून येणाऱ्या मुलांचा तुम्हाला काय त्रास होतो, ते अगदी स्पष्ट सांगा."

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. त्या सात सह्याही सांगितल्या. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या सहीखालीसुद्धा असे पाठ असतील." तिथून आमचं जमलं.

पुढच्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर आमच्याच शाळेत बैठक झाली. मुख्याध्यापक, आम्ही चार शिक्षक, त्या आणि त्यांचे एक सहकारी. बैठक शाळेत झाली याचं मला विशेष वाटलं. एरवी आम्हालाच बोलावणी यायची आणि आम्ही सभागृहात मागच्या रांगेत बसून भाषणं ऐकायचो. बोलता बोलता प्राध्यापिकाबाईंनी कोठारी आयोगाचा विषय काढला. १९६४ ते ६६ या काळातल्या त्या आयोगानं म्हटलं होतं की शिक्षक घडवणाऱ्या संस्था विद्यापीठापासून तुटलेल्या आहेत, शाळांपासूनही तुटलेल्या आहेत आणि एकमेकांपासूनही. मी बीएड करताना हा आयोग पाठ केला होता, चार गुणांचा प्रश्न म्हणून. त्या शनिवारी बाकावर बसून ऐकताना पहिल्यांदा वाटलं, हे आपल्याबद्दल लिहिलेलं आहे.

मुख्याध्यापक सरांचा प्रश्न रोकडा होता: "यांचे पाठ बिघडले तर पोरांचं नुकसान कोण भरून देणार?" महापालिकेच्या शाळेतली मुलं म्हणजे सरावाची मुलं नव्हेत, हे त्यांना सांगायचं होतं, आणि ते अगदी योग्य होतं. आमच्या मुलांना घरी शिकवणी नाही. शाळेत जे मिळेल तेच. त्यावर बरीच चर्चा झाली. शेवटी ठरलं की छात्राध्यापकानं सुरुवातीला एकट्यानं वर्ग घ्यायचाच नाही. अर्धा तास त्यानं, अर्धा आम्ही, एकमेकांच्या मदतीनं. घटक बिघडला तर दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून तो पुन्हा घ्यायचा. वीसऐवजी आठच जण यायचे आणि एकेका शिक्षकाकडे दोघं. पहिले दोन आठवडे शिकवायचं नाही. पाठ झाल्यावर त्याच दिवशी वीस मिनिटं बसून बोलायचं. प्राध्यापिकांनी दर गुरुवारी पूर्ण दिवस शाळेत राहायचं. सहाव्या आठवड्यात त्यांनी स्वतः आमच्या वर्गावर एक तास घ्यायचा, आणि तो आम्ही सगळ्यांनी मागे बसून पाहायचा. ही शेवटची अट मी घातली होती. त्यांनी लगेच मान्य केली, याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं.

ती वीस मिनिटं कुठून काढायची यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. मधल्या सुट्टीत खिचडीची रांग असते आणि शाळा सुटल्यावर बस पकडायची असते. सरांनी वेळापत्रकाचा कागद समोर घेतला आणि माझा तास खेळाच्या तासाच्या आधी आणून ठेवला. मुलं मैदानात, आम्ही वर्गात. बाहेरून पाहणाऱ्याला ही साधी गोष्ट वाटेल. माझं म्हणणं आहे की त्या सोळा आठवड्यांत जे काही चांगलं झालं, ते या बदललेल्या एका तासामुळे झालं.

ऑगस्टच्या सुरुवातीला आठ जण आले. माझ्याकडे दोघं: अकोल्याचा एक उंच, अबोल मुलगा आणि लग्न होऊन नागपूरला आलेली सातारकडची एक मुलगी. पहिले दोन आठवडे प्रत्येकानं वर्गातलं एकच मूल निवडायचं आणि त्याच्याकडे पाहत राहायचं. ते केव्हा बोलतं, केव्हा गप्प होतं, कुणाशेजारी बसतं, वहीत काय लिहितं, हे रोज टिपायचं. अकोल्याच्या मुलाला हे पटलं नव्हतं. "मॅडम, नुसतं बसून काय कळणार?" म्हणाला.

आठवडा संपला तेव्हा तो वही घेऊन माझ्याकडे आला. त्यानं निवडलेला मुलगा सहावीतला, दुसऱ्या रांगेतला. अक्षर सुरेख, वही नीटनेटकी. त्याच्या वहीवर मी वर्ष सुरू झाल्यापासून बरोबरच्या खुणा करत आले होते. अकोल्याचा मुलगा म्हणाला, "मॅडम, हा फळ्यावरचं सगळं उतरवतो. पण काल मी त्याला तोच शब्द पुस्तकात दाखवला, तर त्याला वाचता आला नाही. तो अक्षरं चित्रासारखी काढतो."

मी दुसऱ्या दिवशी त्या मुलाला जवळ बसवलं. खरं होतं. सहावीत आला होता आणि काना-मात्रेचा शब्द वाचता येत नव्हता. घरी छत्तीसगढी, आईबाप दोघं पहाटेच बाजारात. त्याचं सुंदर अक्षर हीच त्याची लपायची जागा होती आणि मी ती माझ्या लाल पेनानं पक्की करत होते. मला फार लागलं ते. त्या रात्री झोप आली नाही. पण हेही तितकंच खरं की चाळीस मुलांच्या वर्गात, तास घेता घेता, मला हे एकटीला दिसलं नसतं. त्यासाठी मागे बसून एकाच मुलाकडे आठवडाभर पाहणारं दुसरं माणूस लागतं. शाळेला हे दुसरं माणूस बीएडचं महाविद्यालय देऊ शकतं. भागीदारी हा शब्द मी तोवर फक्त परिपत्रकात वाचला होता. त्याचा अर्थ मला त्या वहीत दिसला.

अकोल्याचा मुलगा मग शेवटपर्यंत रोज शेवटच्या तासाला त्या पोराला घेऊन बसायचा. डिसेंबरपर्यंत तो पोरगा साधे शब्द आणि छोटी वाक्यं वाचायला लागला. जोडाक्षरं नाही आली. ती पुढे मी घेतली.

सातारकडच्या मुलीचा प्रवास वेगळा. तयारी भक्कम, आवाज खणखणीत, फळ्यावरचं लेखन आखीव. तिसऱ्या आठवड्यात तिनं मराठीचा तास घेतला. पहिल्या रांगेतली एक चुणचुणीत मुलगी उत्तर द्यायला उभी राहिली: "मले वाट्टे मॅडम..." तिला मध्येच थांबवून सातारकडची मुलगी म्हणाली, "मले नाही, मला. शुद्ध बोल." रागावून नव्हे, चांगल्या हेतूनंच. मुलगी "मला" म्हणाली, उत्तर अर्धवट सोडलं आणि बसली.

त्या दिवशीच्या बोलण्यात हा प्रसंग आलाच नाही. तो चार दिवसांनी आला, आणि माझ्याकडून नव्हे. दुसऱ्या शिक्षिकेकडची एक छात्राध्यापिका त्या मुलीचं निरीक्षण करत होती. तिनं तिची वही पुढे केली. मुलीनं हात किती वेळा वर केला, ते तिनं रोज लिहिलं होतं. सोमवारी सहा वेळा. मंगळवारी, ज्या दिवशी तो तास झाला, दोनदा. बुधवार, गुरुवार, शुक्रवार: शून्य, शून्य, शून्य.

सातारकडची मुलगी त्या आकड्यांकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी तर फक्त सुधारलं मॅडम," म्हणाली. मी तिला सांगितलं, पेपर पुस्तकी मराठीतच लिहायचा आहे, ती मराठी तू शिकवायलाच हवी. पण ती पोर जेव्हा बोलत होती तेव्हा ती विचार करत होती. तिचा विचार पूर्ण होऊ दे, भाषा नंतर. मीसुद्धा हे कुठे वाचलेलं नव्हतं. माझी आजी "मले" म्हणायची आणि तिच्यासारखा हिशेब कुणाला येत नव्हता, तेवढं मला ठाऊक होतं. पुढच्या गुरुवारी प्राध्यापिकाबाई म्हणाल्या की घरची भाषा आणि शाळेची भाषा यांच्यात पूल कसा बांधायचा, यावर त्यांच्याकडे वाचायला भरपूर आहे. त्यांनी ते त्यानंतरच्या आठवड्यात आणलंही. आम्ही तिघींनी मिळून वाचलं.

त्यातून तक्ता निघाला. दोन रकाने: घरचा शब्द, पुस्तकातला शब्द. काऊन – का. कायले – कशाला. मले – मला. शब्द मुलांनीच सांगायचे. पोळा नुकताच होऊन गेला होता. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक. लहान मुलं लाकडी बैल घेऊन घरोघर जातात, लोक बैलाची पूजा करून मुलांच्या हातावर पैसे ठेवतात. त्याला बोजारा म्हणतात. एका पोरानं ओरडून सांगितलं, "मॅडम, बोजारा लिहा!" सातारकडच्या मुलीनं ते डाव्या रकान्यात लिहिलं आणि विचारलं, बोजारा म्हणजे काय? चाळीस मुलं एकदम सांगायला लागली. कुणाला किती मिळाला, कुणाचा बैल केवढा, कोणत्या काकूनं फक्त खाऊ देऊन पाठवलं. पहिल्या रांगेतली ती मुलगी पण बोलत होती, "मले" म्हणूनच. बोजारा या शब्दासमोरचा उजवा रकाना रिकामा राहिला. पुस्तकात त्याला शब्द नाही. तो तक्ता अजून आमच्या वर्गात आहे.

सहाव्या आठवड्यात प्राध्यापिकाबाईंचा तास. सातवी, ऋण संख्या. त्या घाबरल्या होत्या. सकाळीच म्हणाल्या, "शाळेच्या वर्गावर मी खूप वर्षांनी उभी राहतेय." त्यांनी उदाहरण घेतलं किराणा दुकानातल्या उधारीचं. पन्नास रुपये उधार म्हणजे उणे पन्नास. उदाहरण चांगलं होतं, पुस्तकातही असं असतं. पण आमच्या वर्गात उधारी म्हटल्याबरोबर गलका झाला. एक पोरगा दुसऱ्याला म्हणाला, "तुहीच आई पाहते रोज दुकानात उभी!" त्या दुसऱ्यानं मान खाली घातली आणि तास संपेपर्यंत वर केली नाही. गणित अर्धवट राहिलं, घंटा झाली.

नंतर आम्ही बसलो. नियम सगळ्यांना एकच: ज्यानं पाठ घेतला त्यानं आधी बोलायचं, आणि पहिला प्रश्न हाच, "आज कुणाला समजलं नाही, आणि तुम्हाला ते कशावरून कळलं?" सुरुवातीला या प्रश्नाला छात्राध्यापकांचं उत्तर ठरलेलं असायचं, "सगळ्यांना समजलं मॅडम." प्राध्यापिकाबाईंनी तसं म्हटलं नाही. म्हणाल्या, "मला माहीत नाही. मी पाहिलंच नाही." अकोल्याचा अबोल मुलगा हळूच बोलला, "मॅडम, तुम्ही उत्तर देणाऱ्या तिघांकडेच पाहत होता." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मी त्यांना त्या मान खाली घातलेल्या पोराबद्दल सांगितलं. आमच्याकडे उधारी हे उदाहरण नाही, ती घरातली गोष्ट आहे, लाजेची. मग दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून तो घटक पुन्हा घेतला. वऱ्हांड्यात खडूनं लांब संख्यारेषा काढली, मधोमध शून्य, आणि मुलांना पुढे-मागे चालवलं.

आपल्या प्राध्यापिकेचा बिघडलेला तास पाहिल्यावर त्या आठही मुलांमध्ये जो फरक पडला तो मी डोळ्यांनी पाहिला. त्यांनी टाचण घट्ट धरून ठेवणं सोडलं. पाठ बिघडू शकतो, त्यावर बसून बोलता येतं आणि उद्या पुन्हा घेता येतो, हे त्यांना कुणी भाषणात सांगितलं असतं तर पटलं नसतं.

टाचणाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आम्ही केली. टाचणात विद्यार्थ्यांचं पूर्वज्ञान लिहायची जागा असते. छात्राध्यापक लिहितात, "विद्यार्थ्यांना समच्छेद अपूर्णांकांची बेरीज माहीत आहे." कुणाला माहीत आहे? काल ज्यांनी तो तास केला त्यांना. आमच्याकडे रोज पाच-सात मुलं नसतात. कुणी धाकट्या भावाला सांभाळायला घरी थांबलेलं असतं, कुणी बापाबरोबर गाडीवर गेलेलं. आम्ही वहीत पेनानं एक रकाना वाढवला: "काल कोण नव्हतं?" त्या मुलांसाठी तासाची पहिली पाच मिनिटं काय करायचं, ते तिथं लिहायचं. एवढा एक रकाना घातल्यावर छात्राध्यापक हजेरीपट नीट पाहू लागले. दोघी-तिघी गैरहजर मुलांच्या घरी जाऊन आल्या.

दिवाळीची सुट्टी संपली. बाजारात आंबिया बहाराची संत्री आली, कळमन्याला ढीग लागले. सातारकडच्या मुलीला सहावीत अपूर्णांक घ्यायचे होते. तिनं सहा संत्री आणली, एकेका गटाला एक. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, मुलांनी ती क्षणात काढली आणि सगळा वर्ग त्या वासानं भरला. तिच्या टाचणात लिहिलं होतं, एका संत्र्यात १० फोडी, म्हणून एक फोड म्हणजे एकदशांश. तिनं विचारलं, "किती फोडी?"

"दहा!" "अकरा!" "आमच्यात नऊच!" एका गटात बारा निघाल्या.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम वहीत खाली पाहत राहिले. मग तिनं फळ्यावर सगळे आकडे लिहिले: १०, ११, ९, १०, १२, १०. "बरं, मग तुमच्या गटात एक फोड म्हणजे कितवा भाग?" एकदशांश, एक छेद अकरा, एकनवमांश. इथवर छान झालं. तेवढ्यात मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला. त्याच्या वडिलांची फळांची गाडी आहे. त्याच्या दोन्ही हातांत एकेक फोड. "मॅडम, हे चुकते. फोडी सारक्या नाई हायेत. हे पाहा, ही बारकी हाये. पुस्तकात तं समान भाग म्हणते."

ऑगस्टमध्ये असती तर ती म्हणाली असती, बस, आपण समान आहेत असं समजू. ती त्याच्या बाकाशी गेली, दोन्ही फोडी आपल्या तळहातावर ठेवल्या आणि सगळ्यांना दिसतील असा हात धरला. "हो रे, खरंच. मग ही बारकी एकदशांश आहे का नाही?"

वर्गाचे दोन तट पडले. आहे, नाही, आहे, नाही. मग पहिल्या रांगेतली ती मुलगी उठली, जिच्या नावापुढे तीन शून्यं होती. "मॅडम, मले वाट्टे, मोजलं तं दहातली एक हाये. पण खाल्लं तं कमी हाये."

मी बावीस वर्षं अपूर्णांक शिकवते. समूहाचा भाग आणि एका वस्तूचा भाग यातला फरक इतक्या थोडक्यात मी कधी सांगितला नव्हता. गुरुवार होता, प्राध्यापिकाबाई मागच्या बाकावर होत्या. त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं, "मले" सकट. सातारकडच्या मुलीनंही ते फळ्यावर तसंच लिहिलं. मग तिनं पिशवीतून सुतळी काढली आणि विचारलं, समान भागच हवे असतील तर याचे चार कसे करायचे? गाडीवाल्याच्या पोरानं पुढे येऊन सुतळी दुमडली, पुन्हा दुमडली. संत्री मुलांनी खाल्ली. साली पिळून एकमेकांच्या डोळ्यांत उडवणं सुरू झालं तेव्हा घंटा झाली.

त्या दिवशी बोलायला बसल्यावर मी नेहमीचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "तिसऱ्या गटातल्या दोघांना नाही समजलं. ते अकरा मोठे म्हणून एक छेद अकरा मोठा म्हणत होते. उद्या त्यांना आधी सुतळी देते." मी तिच्या वहीत सही केली. त्या वर्षी तिच्या वहीत जितके पाठ होते, तितकेच तिनं घेतले होते.

सगळं काही जमलं नाही. चार शिक्षकांपैकी एकांना मधेच निवडणुकीच्या मतदारयादीचं काम लागलं, त्यांच्याकडचे दोघं जवळजवळ महिनाभर वाऱ्यावर राहिले. गुरुवार पाळताना प्राध्यापिकाबाईंची महाविद्यालयात कुचंबणा व्हायची, कारण तिथले त्यांचे तास कुणी घ्यायचे हा प्रश्न सुटलेला नव्हता. मार्गदर्शक शिक्षकाच्या वेळेची कुठे नोंद नाही. आणि सगळ्यात बोचणारी गोष्ट म्हणजे गुण. छात्राध्यापकाला सोळा आठवडे रोज पाहणाऱ्या शिक्षकासाठी गुणपत्रकात आजही एकच ओळ आहे: शाळेचा अभिप्राय. तिथं आम्ही "समाधानकारक" लिहितो. आता २०२० च्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच शिक्षक होण्याची किमान पात्रता होणार आहे. वर्षं वाढतील. त्या वर्षांतला शाळेतला वेळ कोण कुणाबरोबर बसून घालवणार, हे मात्र आताच ठरवायला हवं.

इथून ७५ किलोमीटरवर वर्धा आहे. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये तिथं गांधीजींच्या पुढाकारानं शिक्षण परिषद भरली आणि पुढे सेवाग्रामला नई तालीमचं, म्हणजे हाताच्या कामातून शिकण्याचं, काम उभं राहिलं. तिथं शिकवणारेही मुलांबरोबर सूत कातत, शेतात काम करत. प्राध्यापिकाबाईंनी आठही जणांना एका रविवारी तिथं नेलं होतं, मीही गेले होते. परतताना बसमध्ये अकोल्याचा मुलगा खिडकीशी बसून वही लिहीत होता. काय लिहितोस विचारलं तर म्हणाला, "उद्या काय घ्यायचं ते. तो जोडाक्षरांवर अडतो."

येत्या शनिवारी या वर्षाची बैठक आहे, आमच्याच शाळेत. मी दोन गोष्टी कागदावर लिहून ठेवल्या आहेत. एक, गुणपत्रकात त्या एका ओळीऐवजी शाळेच्या शिक्षकाचे स्वतंत्र गुण, आणि त्यासाठी महाविद्यालयानं विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे आमच्या सह्यांसह पत्र पाठवायचं. दुसरी, "काल कोण नव्हतं" हा रकाना पेनानं काढायला लागू नये, वहीतच छापून यावा. खेळाच्या तासाचं सरांना आधीच सांगून ठेवलं आहे.